शोभेचा रथ आणि भिंतीतली खुंटी

गेल्या महिन्यात एका रविवारी उपासना आटोपल्यावर तरुण संघातील एका मुलाने मला देवळाच्या पायरीवर गाठले. "काका, एक विचारायचे आहे, पण तुम्ही हसाल," तो म्हणाला. हसणार नाही असे मी वचन दिले आणि त्याने प्रश्न सांगताच ते मोडले. त्याला गाडी घ्यायची होती. बँकेत नोकरी, नुकतेच लग्न, गावी वृद्ध आईवडील. डिकीची लांब गाडी, जिला हल्ली सर्वजण सेडान म्हणतात, तीच घ्यायची हे नक्की. पण दोन गाड्यांत मन अडकले होते. एक दिसायला देखणी. ठेंगणी, निमुळती, टपाला काचेची खिडकी, रात्री दिवे लागले की रस्त्यावरची माणसे वळून पाहतात. मात्र तिचे नाव काढताच ओळखीचे दोन मिस्त्री मान हलवतात. दुसरी साधी. तिच्यात पाहण्यासारखे काही नाही, पण ती गॅरेजात फारशी येत नाही असे तेच मिस्त्री सांगतात. किंमत जवळजवळ सारखीच. "बुद्धी एकीकडे ओढते, मन दुसरीकडे," तो म्हणाला. "आणि काका, खरे सांगतो, ती साधी गाडी अगदी टॅक्सीसारखी दिसते हो! पवित्र शास्त्रात याविषयी काही सापडते का?"

मी हसलो आणि पुढच्या रविवारी सांगतो म्हणून वेळ मारून नेली. घरी पोचेपर्यंत मात्र हसू मावळले होते. कारण हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी माझ्यापुढे आला होता, आणि मी त्याचे उत्तर चुकीचे दिले होते.

हा नीतीचा प्रश्न आहे तरी काय, असे काही वाचक विचारतील. स्वतःच्या घामाच्या पैशाने कोणती गाडी घ्यावी ही ज्याची त्याची आवड. त्यात पाप कोठून आले? या म्हणण्यात तथ्य आहे. मंडळीच्या इतिहासात अशा पुष्कळ गोष्टी चांगल्याही नाहीत आणि वाईटही नाहीत म्हणून बाजूला ठेवण्यात आल्या आहेत, आणि त्या तशा ठेवाव्यात हेच बरे. नाहीतर आपण एकमेकांच्या साड्यांचे काठ मोजत बसू. पण पौलाने करिंथकरांना लिहिताना ही मोकळीक मान्य करून लगेच पुढे एक प्रश्न जोडला आहे: यात दुसऱ्याचे हित कोठे आहे? (१ करिंथ १०:२३-२४.) सदऱ्याचा रंग निवडताना हा प्रश्न फारसा उठत नाही. ज्या वस्तूवर दुसऱ्या माणसाचा भार पडणार आहे ती निवडताना तो उठल्यावाचून राहत नाही. गाडीत चार जागा दुसऱ्यांच्या असतात.

त्या मुलाच्या बोलण्यातील 'टॅक्सीसारखी' हा शब्द माझ्या मनातून जाईना. टोयोटा कंपनीने २०१० च्या डिसेंबरात एटिऑस नावाची सेडान आणली, ती पुष्कळांना आठवत असेल. ती मुद्दाम भारतासाठी तयार केलेली होती आणि बेंगळूरुजवळ बिडदीच्या कारखान्यात बनत असे. आतून ती अगदी साधी होती. वेग दाखविणारा काटासुद्धा चालकासमोर न ठेवता मधोमध बसविलेला. २०२० मध्ये तिचे उत्पादन थांबले, तरी पिवळ्या पाटीची एटिऑस आजही रस्त्यावर दिसते. टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली, आणि त्यांनी उचलून धरली म्हणूनच पुष्कळ घरगुती गिऱ्हाइकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. या उलट्या न्यायाचा थोडा विचार करावा. ज्याची भाकरी गाडीवर अवलंबून आहे, जो दिवसाला तीनशे किलोमीटर ती हाकतो, बंद पडली तर ज्याचा त्या दिवसाचा हप्ता बुडतो, त्याची साक्ष सर्वांत खरी. ती साक्ष हाती असताना आपण तिलाच डाग मानतो! आपल्याला भीती गाडीची नसते. लग्नाच्या मांडवापुढे उतरताना कोणी आपल्याला ड्रायव्हर समजेल, ही ती भीती. आणि आपण कोण? मिशनच्या आवारात, दवाखान्यात, शाळेत ड्रायव्हरकी, स्वयंपाक आणि पहारा करून ज्यांनी आपल्याला शिकविले, त्यांचीच आपण मुले-नातवंडे.

शिवाय ही शोभा टिकते तरी किती? सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची छोटेखानी गाडी बनत असे. अवजड अँबॅसॅडरपुढे ती नाजूक आणि चलाख दिसायची. १९७० च्या दशकात तिला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. चितोडची जी राणी कथांमधून सौंदर्यासाठी प्रसिद्ध आहे, तिचे नाव. तीच पद्मिनी पुढे मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या नोंदलेल्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून ती त्या रस्त्यांवरून गेली. एका पिढीची देखणी गाडी दुसऱ्या पिढीची टॅक्सी झाली, ती अशी.

आता माझे सांगतो. जुनी का होईना पण ऐटदार सेडान घ्यायची असे मी ठरविले, तेव्हा माझी पत्नी एकच वाक्य बोलली, "अडीअडचणीला निघेल ती घ्या." मी तिला सांगितले की बाहेरगावच्या मंडळ्यांत उपदेशाला जावे लागते, चारचौघांत बरे दिसले पाहिजे. उपदेशाचे निमित्त पुढे करण्याची माझी ती पहिली वेळ नव्हती. गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. दोष गाडीपेक्षा माझ्या निवडीचा होता, कारण तिच्या गिअरची तक्रार मला घेण्यापूर्वीच ठाऊक होती.

२०१६ च्या पावसाळ्यात एका रात्री दहाच्या सुमारास फोन वाजला. आमच्या शब्बाथ शाळेच्या जुन्या शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे टीचरबाई म्हणत असू, निवृत्तीनंतर जांबोटीच्या पुढे एका खेड्यात भाच्याकडे राहत होत्या. त्यांच्या छातीत दुखत होते. रुग्णवाहिकेला तासाहून अधिक वेळ लागेल असे कळले होते. "तुमची गाडी आहे ना, या," भाचा म्हणाला. मी गेलो. जाताना गाडी उत्तम चालली. बाईंना मागे निजविले, भाचा त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसला, आणि आम्ही बेळगावकडे निघालो. जंगलातील एका चढावर समोरचे सगळे लाल-पिवळे दिवे एकदम लागले. इंजिन चालू होते, पण गाडी जागची हलेना. फोनला रेंज नाही. पाऊस कोसळत होता. भाचा बॅटरी घेऊन रस्त्यात उभा राहिला आणि मी बाईंच्या उशाशी बसलो. तीन गाड्या न थांबता गेल्या. पंचवीस मिनिटे लोटली. ती पंचवीस मिनिटे मला आजही तोंडपाठ आहेत.

चौथी गाडी थांबली. चोर्ला घाट चढून आलेली, गोव्याच्या पिवळ्या पाटीची. दुकानात पाहून मी जिला नाक मुरडले होते, त्याच जातीची. चालकाने काही विचारले नाही. आम्ही तिघांनी मिळून बाईंना उचलून आत ठेवले. वाटेत माझी नजर मधल्या काट्याकडे गेली; तीन लाख किलोमीटरांचा आकडा केव्हाच मागे पडला होता. काहीतरी बोलायचे म्हणून मी गाडीची स्तुती केली. तो कोकणी हेलाच्या मराठीत म्हणाला, "तेल-पाणी वेळेवर दिले की ही काही मागत नाही." दवाखान्याच्या दारात त्याने पैसे घेतले नाहीत.

टीचरबाई वाचल्या. उशिरामुळे विशेष बिघडले नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. हे ऐकून मी देवाची उपकारस्तुती केली, आणि मग मनात एक चोर शिरला: झाले ते झाले, काही वाईट तर घडले नाही! इथे मला थांबावेसे वाटते. वाईट घडले नाही म्हणून माझी निवड बरी ठरते काय? समजा, त्याच रात्री, त्याच चढावर बाई गेल्या असत्या, तर सगळ्या मंडळीने मला दोष दिला असता आणि मी तो घेतला असता. पण मी तर दोन्ही प्रसंगांत तोच माणूस, आणि माझी निवडही तीच. मधे उभी होती ती केवळ देवाची दया आणि एक अनोळखी टॅक्सीवाला. परिणाम चांगला झाल्याने कृपेची ओळख पटते. माझ्या निर्णयाचा हिशेब काही मिटत नाही. तो मी ज्या दिवशी दुकानात दुसऱ्यांच्या नजरेने गाडीकडे पाहिले, त्याच दिवशी मांडला गेला होता.

त्या मुलासाठी शास्त्र धुंडाळताना अबशालोमाचा रथ आणि त्यापुढे धावणारी पन्नास माणसे (२ शमुवेल १५:१) लगेच सापडली. पण ती गोष्ट सर्वांना पाठ आहे. मी थबकलो तो यशयाच्या बाविसाव्या अध्यायात. आपल्या व्याख्यानांत हा अध्याय क्वचितच येतो. यरुशलेमेत हिज्कीया राजाच्या घराचा कारभारी शेबना नावाचा होता. त्याने उंच ठिकाणी खडक खोदून स्वतःसाठी ऐटदार कबर तयार करविली होती, आणि त्याच्याजवळ शोभिवंत रथ होते. संदेष्टा त्याला जाऊन सांगतो की तुला चेंडूसारखे दूर भिरकावले जाईल, तुझे ते वैभवी रथही तिथेच जातील, आणि तू आपल्या धन्याच्या घराला लाज आणणारा आहेस. मग त्याच्या जागी हिल्कीयाचा मुलगा एल्याकीम नेमला जातो. त्याच्या रथांचा काही उल्लेख नाही. त्याला दिलेली उपमा आहे भिंतीत पक्क्या जागी ठोकलेल्या खुंटीची. तिच्यावर घरातली सगळी भांडी टांगली जातील, वाट्यांपासून मडक्यांपर्यंत.

यरुशलेमेच्या पूर्वेस सिलवान येथे १८७० मध्ये क्लेरमॉ-गानो या फ्रेंच संशोधकाला एका खडकातील कबरीवर शिलालेख आढळला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९५३ मध्ये नाहमान अविगाद यांनी तो वाचला. ही राजगृहाच्या कारभाऱ्याची कबर आहे, इथे सोने-रुपे नाही, फक्त हाडे आहेत, असा त्याचा आशय आहे. मालकाचे नाव मोडले असून शेवटची अक्षरे तेवढी उरली आहेत, आणि ती शेबनाच्या नावाच्या लांब रूपाशी जुळतात, म्हणून ही त्याचीच कबर असावी असे काही विद्वानांना वाटते. नाव टिकावे म्हणून खोदविलेल्या कबरीवरचे नावच तेवढे फुटावे, हे पाहून मात्र मन विचारात पडते.

आता त्या खुंटीकडे वळू. 'पक्क्या जागी' असे ज्याचे भाषांतर होते तो हिब्रू शब्द 'नेएमान' असा आहे. आपण दर प्रार्थनेच्या शेवटी उच्चारतो तो 'आमेन' त्याच धातूपासून आला, आणि विश्वासूपणासाठी असलेला 'एमुना' हा शब्दही त्याच घरचा. हे मी पहिल्यांदा शिकलो तेव्हा मला नवल वाटले. आपण 'विश्वासू' हा शब्द इतका आध्यात्मिक करून टाकला आहे की त्याचा भार उचलण्याशी काही संबंध आहे, हेच विसरलो. शास्त्रात मात्र तो भिंतीतल्या खुंटीला लागतो. अमालेकाशी लढाई चालली असता मोशेचे हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले (निर्गम १७:१२), तिथेही 'स्थिर' या अर्थी हाच 'एमुना' आहे; आणि ते हात आपल्या बळावर स्थिर राहिले नाहीत, अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी धरून ठेवले म्हणून राहिले. याउलट संकटाच्या दिवशी भरवशाचा न निघणाऱ्या माणसाला नीतिसूत्रांत (२५:१९) हलणाऱ्या दाताची आणि लचकलेल्या पायाची उपमा दिली आहे. दात चारचौघांत हसताना दिसायला छान असेल. चावायची वेळ आली की कळते.

पुढे अश्शूरचा सरदार रबशाके यरुशलेमेच्या तटाखाली येऊन उभा राहतो, तेव्हा त्याला सामोरे जाणाऱ्या तिघांत एल्याकीम घराचा कारभारी म्हणून आणि शेबना चिटणीस म्हणून आहे (यशया ३६). बहुधा हाच तो शेबना. पद उतरलेला, पण कामावर असलेला. रबशाके टोमणा मारतो: दोन हजार घोडे देतो, तुमच्याजवळ स्वार आहेत काय? शेबनाचे रथ त्या दिवशी कोठे होते? ते सांगितलेले नाही. सांगितले आहे ते हे, की दोघेही अंगावरची वस्त्रे फाडून राजाकडे परत आले. शेबनाही आला. संदेष्ट्याचा एवढा कठोर शब्द ऐकलेला माणूस त्या दिवशी आपल्या जागी उभा होता, ही गोष्ट मला धीर देते.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की उपदेशक सौंदर्याविरुद्ध बोलत आहे. तसे नाही, आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांत ही चूक फार लवकर होते. पांढऱ्या भिंती आणि कडक बाक म्हणजे भक्ती, असे आपल्याला वाटू लागते. ज्या देवाने अहरोनाची वस्त्रे गौरवासाठी आणि शोभेसाठी करावयास सांगितली (निर्गम २८:२), ज्याने बसालेलाला सोन्या-रुप्याच्या कारागिरीसाठी आत्म्याने भरले, त्याला सुंदर वस्तूचे वावडे नाही. बेथानीत सुगंधी तेलाची कुपी फुटली तेव्हा हिशेब मांडणारे शिष्य होते, आणि प्रभूने बाजू घेतली ती त्या बाईची. जॉन वेस्लीने पैशाच्या उपयोगावरील प्रवचनात एक बारीक फरक दाखविला आहे. डोळ्यांना सुखविण्यासाठी केलेला खर्च वेगळा, लोकांनी वाहवा करावी म्हणून केलेला वेगळा. पण दुसरा पहिल्यात बेमालूम मिसळलेला असतो, असे तो सांगतो. तो दोन्ही सोडा म्हणतो. मी वेस्लीइतका कडक नाही. माझी स्वतःपुरती कसोटी एवढीच की रस्त्यावर कोणी पाहणारे नसते तर ही वस्तू मला इतकीच आवडली असती का? माझ्या गाडीच्या बाबतीत उत्तर 'नाही' असे आले.

पण टीचरबाईंचे उत्तर निराळे होते. तिसऱ्या दिवशी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा माझी मान खाली होती. गाडी टोचन लावून गॅरेजात नेली होती आणि खर्चाचा आकडा ऐकून मी गप्प होतो. त्यांनी विचारले, "बाळ, तुझी गाडी कशी आहे रे?" मी क्षमा मागू लागलो. त्या मधेच म्हणाल्या, "फार सुंदर गाडी. आत निळे दिवे होते ना? मला वाटले, मेले तरी राणीसारखी चालले." माझ्या दिखाऊपणातूनही एका म्हातारीला, मरणाच्या भीतीत, निळ्या दिव्यांचा आनंद मिळाला. हे कोणत्या खात्यात लिहावे मला अजून ठरविता आलेले नाही.

आणि साध्या गाडीचाही एक गर्व असतो, तो सांगायला हवा, कारण पुढची गाडी मी साधी घेतली आणि सहा महिन्यांत तो मला जडला. इतरांच्या झगमगत्या गाड्या पाहून मी मनात त्या परूशाची प्रार्थना म्हणू लागलो. भरवशाची वस्तू घेतली की आपणच भरवशाचे झालो असे वाटते. यशयाचा तो अध्याय मी मुद्दाम शेवटपर्यंत सांगितला नव्हता. शेवटच्या वचनात ती पक्क्या जागची खुंटीसुद्धा निसटते, आणि तिच्यावर टांगलेला सगळा भार खाली पडतो. एल्याकीम चांगला माणूस होता, तरीही. सगळी भांडी एकाच खुंटीला लावण्याची घराला सवय झाली होती, असे मला त्यातून दिसते. रथ आणि घोडे यांवर भरवसा ठेवणाऱ्यांविषयी स्तोत्रकर्त्याने जे म्हटले (स्तोत्र २०:७), ते चांगल्या इंजिनाच्या रथालाही लागू आहे.

अँबॅसॅडर हे या बाबतीत चांगले उदाहरण. १९५० च्या दशकाअखेरीपासून २०१४ पर्यंत ती बनली, आणि ती कधी बिघडत नसे असे तिचा सख्खा मालकही म्हणणार नाही. पण कोणत्याही तालुक्याच्या गावी झाडाखाली बसलेला मिस्त्री तिचे बॉनेट उघडून तिला चालती करी. तिचा बिघाड लपत नसे आणि दुरुस्ती हाताबाहेर जात नसे. विश्वासूपणाचा हाही एक अर्थ आहे. पेत्र तिनदा नाकारून रडला, म्हणून तो दुरुस्त होऊ शकला.

ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी मी त्या मुलाला ही हकीकत सांगितली, टीचरबाईंच्या निळ्या दिव्यांसकट. कोणती गाडी घे हे सांगितले नाही. एवढेच विचारले की रात्री दहाला गावाहून आईचा फोन आला, तर यांतल्या कोणत्या गाडीची किल्ली तू न घाबरता उचलशील? तो बराच वेळ काही बोलला नाही. पायरीखाली त्याची बायको छत्री घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मी हेच सांगत होते, काका." मला माझ्या घरचे जुने वाक्य आठवले.

अजून त्याने पैसे भरलेले नाहीत. काल रस्त्यात भेटला तेव्हा विचारत होता, साधी घेतली तर लाल रंगात घेऊ का, म्हणजे ती टॅक्सी वाटणार नाही.